सहा पावलं मागे

आमची आज्जी अंडी पोलिश भाषेत मोजते. बाकी सगळं, म्हणजे भाकऱ्या, औषधाच्या गोळ्या, दोरीवरचे कपडे, मराठीत. फक्त अंडी पोलिशमध्ये, आणि तीही सहापर्यंतच. सहा झाली की पुन्हा पहिल्यापासून.

हा शोध मला १९९६ च्या जानेवारीत लागला. भागीरथा आज्जी तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर कोल्हापूरहून आमच्याकडे आखातात, हमद टाउनला, आली होती. पप्पा कारखान्यात टेक्निशियन, आई एका दवाखान्यात रिसेप्शनला, त्यामुळे मी शाळेतून आले की घरात आम्ही दोघीच. एका दुपारी मी कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे किराणा दुकानातून, तीस अंड्यांचा ट्रे आणला आणि आमच्याच दाराच्या पायरीला ठेचकाळले. किती वाचली ते बघायला आज्जी खाली बसली आणि एकेका अंड्यावर बोट ठेवत म्हणाली, "येदेन, द्वा, त्शी, च्तेरी, प्येंच, शेश्च." मग पुन्हा, "येदेन."

मी म्हटलं, आज्जी, हे काय?

"अंडी," ती म्हणाली.

भाषा कुठली असं विचारल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरले होते. "पोलांडची. वळिवड्याला हुती की ती माणसं. पप्पानं सांगितलं न्हाई तुला?"

पप्पांनी सांगितलं नव्हतं. म्हणून मग आज्जीने सांगितलं, चार-पाच दुपारी, मेथी निवडता निवडता. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडच्या पूर्वेकडची लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे नेली. पुढे त्यांची सुटका झाली तेव्हा काहीजण इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांतले पाचेक हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. पाच वर्षं. ह्यातली सालं आणि आकडे मला नंतर मिळाले. आज्जीकडे होती ती फक्त बराकींची एक रांग, एक पाण्याची टाकी आणि एक दानुता.

आज्जी तेव्हा दहा वर्षांची. तिच्या आईने कोंबड्या पाळल्या होत्या, आणि दर दोन दिवसांनी अंड्यांची पाटी घेऊन आज्जी दोन मैल चालत छावणीत जायची. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही आता बौद्ध आहोत, पण तेव्हा आमच्या घराला महार म्हणत. गावात वरच्या आळीत काही द्यायचं तर ते दारासमोर जमिनीवर ठेवायचं आणि मागे सरायचं. घरातलं माणूस येऊन उचलणार, बदल्यात जे काय द्यायचं ते तिथेच खाली ठेवणार आणि आत जाणार. मग आपण पुढे व्हायचं. हातातून हातात काही नाही. किती मागे सरायचं ते आज्जीच्या आईने तिला मोजून शिकवलं होतं. सहा पावलं.

छावणीतही तिने तेच केलं. पाटी ठेवली, सहा पावलं मागे गेली, उभी राहिली. दारात दानुताची आई होती. तिने पाटीकडे पाहिलं, मग ह्या मुलीकडे पाहिलं, विचार केला. आत जाऊन जॅम लावलेला पाव आणला, पाटीशेजारी जमिनीवर ठेवला, मोजून सहा पावलं मागे गेली आणि मान झुकवली.

बिचारीला वाटलं ही इथली रीत आहे. नवा देश, आपण पाहुणे, पाहुण्यांनी रीत पाळावी. आठवड्याभरात अख्ख्या रांगेने ती उचलली. आज्जी आली की बायका एप्रन सारखे करून बाहेर यायच्या, पाव किंवा साबणाची वडी जमिनीवर ठेवायच्या, सहा पावलं मागे सरायच्या आणि वाकायच्या. आज्जी हे साभिनय करून दाखवायची. हसून हसून माझं पोट दुखलं, आणि मग एकदम दुखायचं थांबलं.

तू सांगितलं नाहीस त्यांना, मी विचारलं.

"कशापायी सांगू?" आज्जी मेथीच्या काड्या बाजूला करत होती. "गावात मागं सरायचं काम आमचं. हितं गोऱ्या बाया माज्यासाठी मागं सरायच्या. मान वाकवून. जल्मात पैल्यांदा, बाय. सांगितलं असतं तर ते बी गेलं असतं."

फक्त दानुता वेगळी निघाली. आज्जीच्याच वयाची, केसांच्या दोन वेण्या, गुडघे कायम फुटलेले. एक दिवस तिने पाव जमिनीवर ठेवलाच नाही. हातात घेऊन ती सरळ आज्जीकडे चालत आली. आज्जी सहा पावलं मागे. दानुता सहा पावलं पुढे. आज्जी आणखी सहा मागे. असं करत करत दोघी रांगेच्या टोकाला पोचल्या आणि आज्जीची पाठ पाण्याच्या टाकीला लागली. मागे जायला जागाच उरली नाही. दानुताने पाव तिच्या हातात दिला.

"हाताला हात लागला," आज्जी म्हणाली. "काय न्हाई झालं. तिला बी न्हाई, मला बी न्हाई."

त्यानंतर त्या दोघी टाकीमागे बसून अंडी मोजायच्या. पाटीत अंडी सहा-सहाच्या ओळींनी लावलेली असायची. म्हणून सहापर्यंतच.

आता शाळेकडे येऊ. आमच्या इतिहासाच्या अकीला मिस लखनौच्या. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे सगळे घाबरतात. त्यांनी प्रोजेक्ट दिला: विसाव्या शतकातल्या युरोपमधली अशी एक घटना, जी पाठ्यपुस्तकात नाही. मी त्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धा जिंकले होते आणि जगातल्या कुठल्याही विषयावर उभी राहून बोलू शकते अशी माझी खात्री होती. वर्गात बोलायच्या आदल्या दिवशी जेवताना मी घरी जाहीर केलं की मी वळिवडे घेणार. आई खूश झाली. पप्पा जेवत राहिले आणि जरा वेळाने म्हणाले, "अंडी विकली ते सांग. दानुताचं सांग. पावलं कशाला मोजायची वर्गात?"

ते रागावून म्हणाले नाहीत. माझ्या पप्पांचं नाव हरिदास, आणि इथल्या मराठी लोकांत सगळे त्यांना हरिदासभाई म्हणतात, एसी बिघडला की आधी त्यांनाच फोन करतात. आडनाव कुणी विचारलं तर पप्पा गावाचं नाव सांगतात. म्हणून मी पावलं गाळली.

मी वर्गात बोलले, छान बोलले. अकीला मिसनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, सोर्स काय? मी म्हटलं, माझी आजी. वर्ग हसला. मिस हसल्या नाहीत, पण म्हणाल्या की आपल्या लायब्ररीतल्या जाड ज्ञानकोशात कोल्हापूरला पोलिश लोक राहिल्याचं त्यांना कुठे दिसलेलं नाही. आजीपासून सुरुवात करता येते, आजीवर संपवता येत नाही. दुसरा कुणीतरी तेच सांगायला हवा. तीन आठवडे दिले, नाहीतर बर्लिनची भिंत घ्यायची. बर्लिनची भिंत आधीच अकरा जणांनी घेतली होती.

माझी चूक ही की मी घरी येऊन हा सगळा प्रसंग करून दाखवला, अकीला मिसच्या आवाजासकट. आज्जी लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजे मी खोटं बोलते म्हणाली व्हय ती?"

मी समजावलं की तसं नाही, पुरावा लागतो, तो नियम आहे. आज्जी म्हणाली बरं. पुन्हा लसूण सोलू लागली. दुसऱ्या दिवशी आईने अंडी आणली आणि आज्जीने ती मोजली. "एक, दोन, तीन," तीसपर्यंत, न थांबता.

मला प्रोजेक्टचं काही वाटेना. बर्लिनची भिंत घ्यायला माझी हरकत नव्हती, बारावी म्हणून. पण आज्जीचं विमान २८ मार्चला होतं, आणि ती पन्नास वर्षं जपलेली गोष्ट माझ्यामुळे इथे खोटी ठरलेली घेऊन परत जाणार होती. तिची अंडी मला पोलिशमध्ये परत हवी होती.

माझी मैत्रीण निवेदिता पुण्याची. तिचे बाबा इंजिनियर, आणि ती जुफैरमध्ये एका बाईंकडे पियानो शिकते. ती म्हणाली, आमच्या हालिना मॅम पोलंडच्याच आहेत बहुतेक, चिडल्या की कुठल्यातरी भाषेत पुटपुटतात, विचारू या का?

त्या शुक्रवारी मी निवेदिताबरोबर गेले. हालिना मॅम उंच, सोनेरी केसांत पांढरे, घरात मोठमोठी झाडं. मी त्यांना वळिवड्याबद्दल सांगितलं तर त्यांनी मान हलवली. त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी रशियाने माणसं कुठे नेली हे शाळेत सांगतच नसत, घरीही हळू आवाजात बोलायचे. त्या नम्रपणे ऐकत होत्या, इतकंच. मग मी म्हटलं, माझी आज्जी अंडी कशी मोजते ते ऐका, आणि मोजून दाखवलं. त्यांनी पियानोचं झाकण बंद केलं. हे तुझ्या आजीला कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं, कारण "प्येंच" तू जसं म्हणालीस तसं माझी आई म्हणायची, पूर्वेकडची होती ती.

त्यांची एक मावसबहीण लंडनला होती आणि तिथे पोलिश लोकांचा एक क्लब होता. मी एक पानभर पत्र लिहिलं. कोंबड्या, पाटी, पाण्याची टाकी, दानुता. पावलं तिथेही गाळली, पप्पांच्या इच्छेप्रमाणे. हालिना मॅमच्या मिस्टरांच्या ऑफिसातून फॅक्स गेला. मिस्टर अरबीत इंशाल्ला म्हणाले, आणि आम्ही वाट बघू लागलो.

नवव्या दिवशी निवेदिताने सकाळच्या प्रार्थनेच्या रांगेत माझ्या हातात एक गुंडाळी कोंबली. गुळगुळीत कागद, इंग्रजी अक्षरं, खाली तीन सह्या. त्यात असं होतं:

"आम्ही तिघी टाकीजवळच्या रांगेत राहत होतो. अंडीवाली मुलगी आम्हाला चांगली आठवते. दानुता आता ब्रॅडफर्डला असते, तिला पत्र पाठवलं आहे. आमचा एक प्रश्न आहे. त्या मुलीने आम्हाला तुमच्या देशाचा आदराचा नमस्कार शिकवला होता. द्यायची वस्तू जमिनीवर ठेवायची, सहा पावलं मागे जायचं आणि मान झुकवायची. आम्ही दरवर्षी जमतो तेव्हा अजून तसंच करतो. त्या नमस्काराला तुमच्यात काय म्हणतात?"

निवेदिताने माझ्या खांद्यावरून वाचलं. "कुठला गं नमस्कार? आमच्याकडे असलं काही नाही."

"आमच्याकडे होतं," मी म्हटलं, आणि प्रार्थना सुरू झाली म्हणून बरं झालं.

अकीला मिसनी माझं पत्र आणि हा फॅक्स शेजारी ठेवून दोनदा वाचले. पहिला प्रश्न: तुझ्या पत्रात पावलांचा उल्लेखच नाही, मग ह्यांना कुठून कळलं? मी म्हटलं, आज्जीकडूनच, तेव्हा. आज्जीने मला सांगितलं होतं, मीच लिहिलं नाही. मिसनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. मग म्हणाल्या की जे मी गाळलं तेच माझा पुरावा आहे, कारण दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तीच गोष्ट सांगितली. प्रोजेक्ट मंजूर. "पण ह्या बायकांनी तुला प्रश्न विचारलाय, मैत्री," त्या म्हणाल्या. "त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे ना?"

घरी येऊन मी आज्जीला फॅक्स वाचून दाखवला, पप्पांच्या समोर. तिघींना ती आठवते म्हटल्यावर आज्जीने पदराने डोळे पुसले. दानुता जिवंत आहे म्हटल्यावर ती उठून उभी राहिली आणि परत बसली. मग मी प्रश्न वाचला.

"अजून करत्यात?" तिने विचारलं. "पन्नास वर्सं?"

पप्पा म्हणाले, आई, राहू दे. त्यांना काय कळणार आहे. छान वाटतंय त्यांना, कशाला बिघडवायचं.

आज्जीने तो कागद माझ्या हातातून घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या मास्तरणीनं मला खोटं म्हटलं म्हणून मी रुसले. आन् मी काय केलं गं त्या बायांचं?"

पुढच्या शुक्रवारी हालिना मॅमनी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं. आईची ड्युटी होती, म्हणून पप्पा, आज्जी आणि मी. आज्जीने निळी साडी नेसली आणि बरोबर नेण्यासाठी करंज्या केल्या. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा समोरच्या संगमरवरी फरशीवर हालिना मॅम उभ्या होत्या, हातात केकची बशी. आम्हाला बघून त्यांनी बशी जमिनीवर ठेवली, आज्जीच्या समोर. मग ओठांतल्या ओठांत मोजत सहा पावलं मागे गेल्या आणि मान झुकवली. फॅक्स त्यांनीही वाचला होता ना. आज्जीला मान द्यायचा म्हणून त्यांनी हे ठरवून केलं होतं.

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. जमिनीवर बशी आणि तिच्यासमोर त्यांची आई. ते पुढे झाले, बहुतेक बशी उचलायला. आज्जीने त्यांचा दंड धरला.

मग ती स्वतः पुढे गेली. गुडघा कटकन वाजला, वाकली, बशी उचलली आणि हालिना मॅमकडे चालू लागली. मोजत, मोठ्याने. "येदेन, द्वा, त्शी, च्तेरी, प्येंच, शेश्च." बशी त्यांच्या हातात दिली आणि आपले दोन्ही हात त्यांच्या हातांवर ठेवले.

"मैत्री," ती मागे न बघता म्हणाली, "आता सांग हिला. समदं. काय गाळू नगंस."

मी सांगितलं. पाटी, पावलं, वरची आळी. मी वक्तृत्वाचा कप घरी आणलेली मुलगी, आणि तो एक इंग्रजी शब्द, जो आमच्या पुस्तकात सरळ छापलेला आहे, तो माझ्या तोंडून येईना. कारण तो जिच्याबद्दल होता ती समोर उभी होती, निळ्या साडीत, करंज्यांचा डबा पप्पांकडे देऊन. मी अडले तेव्हा पुढचं पप्पांनी सांगितलं. शांतपणे, कारखान्यात बिघाड समजावून सांगतात तसं. त्यांनी काहीही गाळलं नाही, त्यांच्या स्वतःच्या शाळेतल्या पाण्याच्या माठाचंही सांगितलं, जे मी तोवर ऐकलंच नव्हतं.

हालिना मॅम लालबुंद झाल्या. बशीकडे बघायचं की आमच्याकडे, त्यांना कळेना. माफी मागू लागल्या आणि रडू लागल्या.

"तिला म्हणावं, रडू नगं," आज्जी म्हणाली. "त्या बायांनी मला दिला तो मान खराच हुता. म्या तो खोट्यावर घेतला, येवढंच. आता त्यास्नी कळव. मग जे म्हणायचं ते म्हणू देत."

त्याच संध्याकाळी, चहा होताच, मी त्यांच्या डायनिंग टेबलवर दुसरा फॅक्स लिहिला. आज्जी बोलली ते सगळं, तिच्या क्रमाने.

मग काहीच आलं नाही. आठवडा गेला. वर्गात मी प्रोजेक्ट सादर केला, पावलांसकट, आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही. निवेदिता त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत नेहमीपेक्षा कमी बोलली, मग तिने माझ्या डब्यातला अर्धा पराठा न विचारता खाल्ला, म्हणजे ठीक होतं. पण घरी आज्जी रोज विचारायची, आला का कागद? नाही म्हटलं की म्हणायची, चिडल्या आसत्याल. चिडू दे. खरं ते कळलं. आणि बॅग भरायला बसायची. अंडी अजून मराठीतच.

सव्वीस तारखेला हालिना मॅम स्वतः गाडी घेऊन हमद टाउनला आल्या. तीन वेगळ्या राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकांवर, रस्ता चुकल्या म्हणे. हातात एकच पान होतं, लंडनहून नाही, ब्रॅडफर्डहून. त्या पोलिशमधून इंग्रजीत वाचत गेल्या आणि मी इंग्रजीतून मराठीत.

"भागीरथा, मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. दूधवाल्याने सांगितलं, आणि हातवारे करून समजावलं. मी घरी धावत गेले आईला सांगायला. पण तेवढ्यात तू आलीस, आणि आई वाकली, आणि मला तुझा चेहरा दिसला. म्हणून मी तिला सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. लोक आपल्याला कसे लांब उभे करतात ते आम्हीही मालगाडीतून बघत आलो होतो. मी एवढंच ठरवलं की मी स्वतः मागे जाणार नाही, पुढे येईन. तू इतक्या लांब टाकीपर्यंत पळशील असं वाटलं नव्हतं. माझा पाव गार झाला होता."

आज्जीने पदर तोंडाला लावला. मी घाबरले. मग तिचे खांदे हलू लागले, आणि मला कळलं ती हसतेय.

"लबाड," ती म्हणाली. "बघ की. पन्नास वर्सं मला वाटतंय मी लपवलं. आन् ती टाकीमागं बसून माज्यासंगट अंडी मोजतीया, समदं ठावं असून."

पुढच्या दोन दिवसांत तिने तो कागद मला सात-आठ वेळा तरी वाचायला लावला. पप्पांनी कारखान्याच्या ऑफिसात नेऊन त्याची झेरॉक्स केली, कारण फॅक्सची अक्षरं उडतात. आडनावाच्या जागी आता काय सांगतात ते मी विचारलं नाही, पण प्रोजेक्टवर माझं पूर्ण नाव लिहिलेलं त्यांनी पाहिलं आणि शाई पुसली जाऊ नये म्हणून वर सेलोटेप लावली.

अठ्ठावीसला सकाळी आज्जी आंघोळ करून स्वयंपाकघरात शिरली. प्रवासात खायला अंडी उकडली होती. पप्पा म्हणाले, आई, विमानात जेवण देतात, यल्ला, चल, उशीर होईल. तिने लक्ष दिलं नाही. डबा उघडला आणि एकेक अंडं आत ठेवू लागली.

"येदेन, द्वा, त्शी, च्तेरी, प्येंच, शेश्च."

डब्यात जागा उरली होती. तिने आणखी एक अंडं उचललं आणि हातात धरून थांबली.

"मैत्री," ती म्हणाली, "सातला काय म्हणत्यात ते दानुताला इचारून ठेव."